‘अंगावर आला, म्हणून मारला’ : स्वसंरक्षणाचा दावा कसा तपासायचा

हापूसच्या बागेत रात्री गोळी लागून कोणी मेला, किंवा शिमग्यात पालखीच्या वाटेवर कोयतीचा घाव बसून कोणी गेला, की सकाळी टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: “अंगावर आला, म्हणून मारला.” मेलेला बौद्धवाडीतला असेल, कातकरी असेल, बागेत राखणीला आलेला नेपाळी असेल, तर दुपारपर्यंत ते गावाचं मत होऊन बसतं आणि पुढे तपासाच्या कागदांतही शिरतं. हा मजकूर त्या पहिल्या चोवीस तासांसाठी आणि नंतरच्या महिन्यांसाठी आहे. मृताचे नातेवाईक, त्यांच्यासोबत ठाण्यात जाणारा कार्यकर्ता, पोलीस पाटील, तालुक्याचा वार्ताहर यांना तो लागेल. ज्याने खरोखरच जीव वाचवताना हात उचलला, त्यालाही लागेल.

स्वसंरक्षण हा खरा हक्क आहे आणि तो दुबळ्याला सगळ्यात जास्त लागतो. पण नुसती भीती वाटली म्हणून तो मिळत नाही. समोरच्याने काय केलं म्हणून भीती वाटली, ते दाखवावं लागतं. “तो त्या वाडीतला होता, रात्री या पाणंदीला त्याचं काय काम” ही भीती समोरच्याच्या कृतीतून आलेली नाही, त्याच्या जातीतून आलेली आहे. पुढची सगळी तपासणी हा फरक उघडा पाडण्यासाठी आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापूर्वीच्या घटनेला जुनी दंड संहिताच लागू होते. नव्या संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. ती एकदा मराठीत छापून घ्या आणि घटनेशेजारी ठेवून वाचा. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: हल्ला कसला होता? शरीराच्या रक्षणासाठी जीव घेण्याचा हक्क कलम ३८ मधल्या सात प्रसंगांतच आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी पोलिसांकडे जाताच येणार नाही अशा प्रकारे डांबून ठेवणं, आणि ॲसिड. शिवीगाळ, धक्काबुक्की, बांधावरची तोंडातोंडी यात बसत नाही.

दुसरा: हल्ला संपला केव्हा? कलम ४० प्रमाणे हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबरच संपतो. समोरचा पळू लागला, खाली पडला, हातातलं हत्यार सुटलं, तिथे हक्क संपला. पुढचा प्रत्येक घाव वेगळा मोजायचा. आमच्या मते निम्मे दावे या एका प्रश्नावरच तपासता येतात, आणि नेमका हाच प्रश्न ठाण्यात कोणी विचारत नाही.

तिसरा: जोर किती लावला? कलम ३७ गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच देत नाही. अर्थात कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत नाही. जीव धोक्यात असलेला माणूस किती मारावं याचा हिशेब करत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार मान्य केलं आहे. त्यामुळे “एक घाव पुरे होता, दुसरा का घातला” एवढ्यावर दावा पडत नाही. पाठीवरचे सहा घाव मात्र बोलतात.

मालाच्या रक्षणासाठी जीव घेण्याचे प्रसंग कलम ४१ मध्ये आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घर फोडणं, राहत्या किंवा माल ठेवायच्या इमारतीला, तंबूला, होडीला आग लावणं, आणि अशी चोरी की जिच्यात मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती आहे. उघड्या बागेतून आंबे काढणं यात येत नाही. तिथे कलम ४२ प्रमाणे अडवता येतं, जीव घेता येत नाही. मांगराचं (बागेतल्या कोठाराचं) कुलूप रात्री तोडलं असा दावा असेल तर गोष्ट बदलते, म्हणून कुलूप, कडी, कोयंडा यांची तपासणी त्याच दिवशी पंचनाम्यात यायला हवी. तुटलेल्या धातूची धार ताजी चकचकीत दिसते. खाऱ्या हवेत ती फार लवकर गंजते आणि मग जुनं-नवं ओळखता येत नाही.

“चोर पकडायला धावलो” हाही नेहमीचा युक्तिवाद. पकडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४० ने साध्या माणसालाही दिला आहे, पण दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला किंवा समोरचा घोषित फरारी गुन्हेगार असला तरच, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची, पहिलीच आणि माल परत केलेली चोरी असेल तर न्याय संहितेने तिला शिक्षा ठेवली आहे समाजसेवेची. अशा चोरीसाठी बंदूक उचलणाऱ्याला कायद्यात जागा नाही.

पहिले काही तास

११२ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. फिर्याद देताना घाई नको. तिथे जे येणार नाही ते नंतर सांगितलं तर उलटतपासणीत “मागाहून घातलेली भर” ठरतं. उजेड किती होता, दोघांत अंतर किती, कोणाच्या हातात काय, पहिला वार कोणी केला, शेवटचा वार झाला तेव्हा मृत उभा होता की पडलेला, हे सगळं यायला हवं. तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे लिहवून घ्या, जातीच्या नावासकट. “जातीवाचक शिवीगाळ केली” असं गुळगुळीत वाक्य पुरेसं नाही. जुना वाद असेल तर तोही घ्या: पाणंद, विहीर, पालखीचा मान, मजुरीचे थकलेले पैसे. सही करण्याआधी वाचून घ्या. प्रत फुकट मिळते, ती न घेता ठाण्याबाहेर पडू नका. “आमची हद्द नाही” हे कारण चालत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नोंदवलाच नाही तर तीच माहिती पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपा.

फिर्यादीत एक चूक फार होते. रागाच्या भरात अख्ख्या भावकीची नावं घातली जातात आणि प्रत्येकासमोर “सगळ्यांनी मारलं” असं लिहिलं जातं. त्याचा फायदा खऱ्या मारेकऱ्याला होतो. मुंबईत कामावर असलेल्या एकाचं नाव यादीत निघालं की बचावाचा वकील संपूर्ण साक्षच खोटी ठरवायला निघतो. कोणी धरलं, कोणी कोयती मारली, कोणी बॅटरी दाखवली, कोणी फोन करून माणसं बोलावली, हे नावानिशी आणि वेगवेगळं सांगा. जमावाची जबाबदारी कायदा सामायिक उद्देशातून ठरवतो, पण स्वसंरक्षणाचा हिशेब माणसागणिक होतो. ज्याच्यावर हल्लाच झाला नाही आणि जो नंतर धावत येऊन पडलेल्याला मारतो, त्याला दुसऱ्याची भीती उसनी घेता येत नाही.

जागा जपणं कोकणात अवघड आहे. जांभ्याच्या लाल मातीवर रक्ताचा डाग नीट दिसत नाही, वाळला की मातीसारखाच होतो. पावसाळ्यात तासाभरात सगळं वाहून जातं. पुळणीवर घटना घडली असेल तर भरतीची वेळ बघा. ओहोटीनंतर साधारण सव्वासहा तासांत पाणी परत वर येतं, तेवढाच वेळ हातात आहे आणि हे पोलिसांना फोनवरच सांगायचं. जागेवर कोणी चालू नये, काही उचलू नये. चार बाजूंनी आणि वरून फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा मोजणीची टेप ठेवून. बागेत असेल तर कलमाचं खोड, गडगा, बांध यापासूनची अंतरं मोजून घ्या. त्या जागेवरून माणूस ओळखू येण्याइतका उजेड होता का, हे पुढे कळीचं ठरतं, म्हणून चंद्राची तिथी आणि जवळच्या दिव्याचा खांब टिपा.

ज्या फोनवर फोटो किंवा व्हिडिओ काढला तो फोन जपा. व्हॉट्सॲपवर पाठवलं की फाइल आकुंचन पावते आणि तिच्यातली वेळेची नोंद जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मूळ फाइलवरून सोपं जातं. पेट्रोल पंप, जेटी, खाडीवरचा पूल, नाक्यावरचं दुकान इथल्या कॅमेऱ्यांची साठवण काही दिवसांत पुसली जाते. ती ताब्यात घ्यावी असा लेखी अर्ज त्याच दिवशी ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

शरीर आणि कपडे काय सांगतात

मरणोत्तर पंचनाम्याच्या वेळी नातेवाइकाने हजर राहावं. प्रत्येक जखम नोंदली का, पाठ आणि डोक्याची मागची बाजू पाहिली का, तळहात आणि कोपराखालचा भाग पाहिला का, हे बघा. तळहातावरचे आणि हाताच्या बाहेरच्या बाजूचे काप म्हणजे मृत स्वतः वार अडवत होता. “तोच अंगावर आला” म्हणणाऱ्याला हे समजावून सांगणं कठीण जातं.

बंदुकीचा मृत्यू असेल तर अंतर महत्त्वाचं. नळीतली काजळी आणि न जळलेल्या दारूचे कण जवळून झाडलं तरच कातडीवर आणि कपड्यावर बसतात. छर्रे जितके पसरलेले, तितकं अंतर जास्त. “मानेला धरलं होतं, झटापटीत उडाली” असा दावा असेल आणि कपड्यावर काजळीचा मागमूस नसेल, तर दावा आणि शरीर जुळत नाही. म्हणून शर्ट फार मोलाचा. तो धुऊ नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. आपल्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये कपड्याला बुरशी येते आणि रक्ताचे नमुने खराब होतात. सुकवून कागदात, प्रत्येक कपडा वेगळा. हे काम पोलिसांचं आहे, पण रुग्णालयातून कपडे नातेवाइकांच्या हातात दिले गेल्याचं अनेकदा घडतं. तसं झालं तर लगेच लेखी देऊन जमा करा.

मृताजवळ कोयती सापडली, हा आपल्याकडचा ठरलेला मुद्दा. कोकणात कामावरच्या माणसाच्या कमरेला कोयती असतेच, ती असणं म्हणजे हल्ला नव्हे. ती कमरेला लावलेली होती की हातात होती? पात्यावर रक्त आहे का, असेल तर कोणाचं? मुठीवर ठसे कोणाचे? डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हाताशी ती कशी आली? मृताच्या घरातल्यांनी ती ओळखली का, की मागून आणून ठेवली? पंचनाम्यातली जागा आणि तुमच्या फोटोतली जागा ताडून बघा.

आरोपीच्या जखमा त्याच दिवशी डॉक्टरांकडून नोंदवल्या जाव्यात, असा आग्रह फिर्यादीच्या बाजूने धरा. हे अनेकांना उलटं वाटतं. पण १९७६ च्या लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या निकालापासून कोर्ट विचारत आलं आहे, की आरोपीला त्याच प्रसंगात झालेल्या जखमांबद्दल सरकार पक्ष गप्प का आहे. गप्प राहिलं तर घटनेची सुरुवात लपवली असा अर्थ निघतो. मृताने आधी थप्पड मारली असेल तर तेही साक्षीत सांगा. थप्पडेला गोळी हे उत्तर नाही, हे सिद्ध करणं सोपं आहे. लपवलेली थप्पड नंतर उघडी पडली तर सगळंच हातातून जातं. आरोपीच्या जखमा उथळ, समांतर आणि त्याच्या स्वतःच्या हाताला पोहोचतील अशाच जागी असतील तर डॉक्टरांना तसं नोंदवायला सांगा.

पीक संरक्षणाच्या परवान्यावर गावोगाव बंदुका आहेत. परवान्याच्या अटी, काडतुसांची खरेदी आणि उरलेली संख्या यांची नोंद तपासात मागा. पहिल्या दिवशी “डुक्कर समजून झाडली” आणि महिन्याने “जीव वाचवायला झाडली” असं होतं तेव्हा पहिलं विधान फार मोलाचं. अपघात आणि स्वसंरक्षण एकाच गोळीचे दोन खुलासे होऊ शकत नाहीत. अपघाताच्या बचावालाही पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं, आणि आवाजाच्या दिशेने अंधारात झाडणं ही काळजी नव्हे.

सिद्ध कोणी करायचं

खून सरकारने संशयापलीकडे सिद्ध करायचा. पण स्वसंरक्षणाचा अपवाद हवा तर तो दाखवण्याचं ओझं साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ ने आरोपीवर टाकलं आहे. ते ओझं हलकं आहे: दावा संभाव्य वाटला तरी पुरे. हे समजून घ्यायला अमेरिकेतली दोन प्रकरणं उपयोगी पडतात. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा वस्तीवर पहारा करणाऱ्याच्या गोळीने मेला. स्वसंरक्षण नव्हतं हे संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे सरकार पक्षावर होती, झटापटीची सुरुवात सांगू शकणारा दुसरा माणूस जिवंत नव्हता, आणि जुलै २०१३ मध्ये आरोपी सुटला. २०२० मध्ये जॉर्जियात धावायला निघालेल्या अहमद आर्बरीचा तीन गोऱ्या माणसांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि गोळी घातली. त्यांनीही नागरिकाचा अटकेचा हक्क आणि स्वसंरक्षण पुढे केलं. पण व्हिडिओ होता, पाठलाग कोणी सुरू केला ते दिसत होतं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही खुनाचे दोषी ठरले. भांडण ज्याने ओढवून आणलं त्याला स्वसंरक्षण सहजी मिळत नाही, हे आपल्या कोर्टांनीही धरून ठेवलेलं सूत्र आहे. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचा पुरावा शोधा: कोण कोणाच्या मागे गेलं, कोणत्या वाटेने, फोन कोणाचा कोणाला गेला.

दावा पूर्ण टिकला नाही तरी अर्धा टिकू शकतो, हेही माहीत असू द्या. हक्क होता पण सद्हेतूने आणि पूर्वनियोजनाशिवाय मर्यादा ओलांडली, असं ठरलं तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाने खुनाचा सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा उतरते. बचावाचा बराचसा जोर इथेच असतो. घरून हत्यार आणलं होतं का, माणसं जमवली होती का, आधी धमकी दिली होती का, हे पुरावे या अपवादाच्या आड येतात.

जातीचा धागा कागदावर कसा आणायचा

मृत अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि आरोपी त्या समाजांतला नसेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(२)(५) पहिल्याच फिर्यादीत यायला हवं. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने “जातीच्या कारणावरून” याऐवजी “जात माहीत असताना” एवढं पुरेसं केलं. आरोपी मृताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत होता, तर जात माहीत होती असं कलम ८ प्रमाणे गृहीत धरलं जातं. एका गावात, एका ग्रामपंचायतीत राहणाऱ्यांना हे दाखवणं अवघड नाही. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात खून सिद्ध होऊनही अत्याचाराचं कलम टिकलं नव्हतं, ते विसरू नये. बौद्ध कुटुंबांनी दाखल्याची काळजी आधी घ्यावी. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या यादीत १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं “बौद्ध” असेल तर जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून काढायला लागा.

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, ६० दिवसांत. अटकपूर्व जामीन नाही. खुनाच्या प्रकरणात कुटुंबाला ८ लाख २५ हजार रुपये मिळतात, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र गेल्यावर. जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची नोटीस कलम १५ अ प्रमाणे कुटुंबाला मिळायलाच हवी. न देता जामीन झाला तर ते आव्हान देण्यासारखं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं अपील आता ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, रायगडचं मुंबईतच. अत्याचारविरोधी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक १४५६६.

मृत नेपाळी राखण्या किंवा अनुसूचित जाती-जमातीत नसलेला परप्रांतीय खलाशी असेल तर हा कायदा लागत नाही. पण पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून मारलं असेल तर न्याय संहितेचं कलम १०३(२) आहे, मृत्युदंड किंवा जन्मठेपेचं. अशा मृताचं इथे कोणी नसतं, फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही. बागमालकाने किंवा होडीच्या तांडेलाने ती द्यावी, ही साधी माणुसकी आहे.

साक्षीदार टिकवणं हे सगळ्यात कठीण. नितीन आगे या दलित मुलाच्या खुनाच्या, २०१४ च्या खर्डा खटल्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. आपल्याकडे गणपतीला किंवा शिमग्याला आलेला चाकरमानी घटना बघतो आणि आठवड्यात गाडी पकडून जातो. त्याचा जबाब तो निघण्याआधी व्हावा, मुंबईचा पत्ता आणि दोन फोन नंबर तपास अधिकाऱ्याकडे असावेत, आणि महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावा. साक्ष दिली म्हणून वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पाणी, दुकान, कीर्तन, मयत, कुठे कोणी कोणाला अडवलं, याची तारीखवार वही ठेवा.

तुम्हीच जीव वाचवला असेल तर

वाडीवर चालून आलेल्यांशी झुंजताना एखाद्या दलित किंवा कातकरी माणसाच्या हातून कोणी मेला, तर पळू नये. पळालेला माणूस सगळ्यांत आधी दोषी धरला जातो. स्वतः ११२ ला फोन करा, हत्यार लपवू नका, धुऊ नका. ठाण्यात गेल्यावर स्वतःच्या जखमा दाखवून वैद्यकीय तपासणी मागा, मुका मार दुसऱ्या दिवशी काळानिळा होतो म्हणून दुसरी तपासणीही मागा. “मी तिथे नव्हतोच” असं सांगून नंतर स्वसंरक्षण सांगू नका. १९६८ च्या मुन्शी राम निकालाप्रमाणे पुराव्यातून स्वसंरक्षण दिसत असेल तर आरोपीने तसा बचाव घेतला नसला तरी कोर्ट ते मान्य करू शकतं, पण बदललेली गोष्ट विश्वास घालवते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो वकील पहिल्या जबाबाआधी भेटला पाहिजे, म्हणून घरातल्या कोणीतरी अटकेच्या दिवशीच जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं, सोबत जातीचा दाखला, आधार आणि जखमांचे फोटो असलेला मूळ फोन घेऊन.